आत्याचं नाव नसलेली वंशावळ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

आमच्या गावात घराण्यांची वंशावळ सांगणारा हेळवी येतो. त्याच्या चोपडीत आमच्या सात पिढ्या आहेत, सगळी नावं पुरुषांची. तीन वर्षांपूर्वी थोरल्या भावाला, बेचाळिसाव्या वर्षी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तेव्हा एका डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे आमची दुसरी वंशावळ मांडली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. वडील पोटाच्या गाठीने गेले, एवढं आम्ही सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं, "आत्या किती? त्या कशाने गेल्या?" थोरली आत्या गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली होती. ती सासरी गेलेली, त्यामुळे तिचा आजार आम्ही कधी आमच्या घरचा धरलाच नव्हता.

घराण्यात असे कॅन्सर चालत येण्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. पेशी वाढताना जनुकांत होणाऱ्या चुका दुरुस्त करणारं एखादं जनुकच जन्मापासून बिघडलेलं असतं. आईकडून येतं, बापाकडूनही येतं, आणि प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी. १८९५ साली अमेरिकेत ॲन आर्बरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितलं होतं, की आमच्या घरातली माणसं याच रोगाने जातात, मीही जाणार. ती गेली. माझी आत्याही म्हणायची, "आमच्या माहेरचं पोटच नासकं." तिचं ते बोलणं कुणी लिहून घेतलं नाही.

भावाची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. ते उपकार आम्ही विसरणार नाही. पण डॉक्टरांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. कापलेल्या गाठीचा तुकडा त्यांनी, या दुरुस्ती करणाऱ्या जनुकांपासून बनणाऱ्या चार प्रथिनांसाठी तपासायला लावला, मग भावाच्या रक्तातलं जनुक तपासलं, मग आम्हा एकेका भावंडाला फोन. माझ्यातही तोच बिघाड निघाला. आतड्याच्या पहिल्याच दुर्बीण-तपासणीत दोन पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या छोट्या गाठी, सापडले, तिथल्या तिथे काढले, संध्याकाळी मी घरी होतो. फिनलंडमध्ये अशा घराण्यांत दर तीन वर्षांनी दुर्बीण करत पंधरा वर्षं पाहिलं, तेव्हा आतड्याचा कॅन्सर निम्म्याहून कमी झाला. हे २००० सालीच प्रसिद्ध झालं आहे.

साहेब, आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरच्या प्रत्येक गाठीची ही चार प्रथिनांची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. बिघाड निघालाच, तर रक्ताच्या नातेवाइकांचीही तपासणी आणि नंतरची दुर्बीण त्यातच धरावी. लग्न झालेल्या बहिणीचं, आतेबहिणीचं नाव दुसऱ्या रेशनकार्डावर असतं. तेवढ्यावरून तिला गाळू नये. आणि जिल्हा रुग्णालयात निदान एक माणूस असा हवा, जो शांतपणे बसून घराण्याची माहिती विचारेल.

थोरल्या आत्याची मुलगी जत तालुक्यात असते. खर्च झेपत नाही म्हणून तिची तपासणी राहिली आहे. डॉक्टरांच्या त्या कागदावर तिच्या गोलात अजून प्रश्नचिन्ह आहे.

आपला नम्र,
सांगली जिल्ह्यातील एक रहिवासी