बाबा, तो स्कॅन आत्ता नको

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. मेंदूतला कचरा दाखवणारा एमआरआय आपल्या नागपुरात, धंतोलीत कुठे होतो, असं विचारलंत. व्हिडिओतली मूळ गोष्ट खरी आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं पाणी आत झिरपतं आणि अमायलॉइडसारखी टाकाऊ प्रथिनं वाहून नेतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या शास्त्रज्ञ मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं हे उंदरांत दाखवलं आणि त्याला ग्लिम्फॅटिक व्यवस्था म्हटलं. म्हातारपणी ती मंदावते, असं बरेच अभ्यास सांगतात.

पण जिवंत माणसात ती बघायची कशी, तिथंच घोडं अडतं. नॉर्वेत ऑस्लोतले डॉक्टर कमरेत सुई घालून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये उठून दिसणारं द्रव्य, सोडतात आणि ते मेंदूत कुठवर पोचलं हे बघायला दुसऱ्या दिवशीही एमआरआय काढतात. (आणि तुम्ही साध्या रक्ततपासणीला तोंड फिरवता!) दुसरी रीत जपानची, २०१७ ची, डीटीआय-आल्प्स. तिला सुई लागत नाही. बारीक शिरांलगत पाणी कोणत्या दिशेनं किती सरकतं, यावरून एक आकडा काढतात. तो मेंदूच्या एका ठरावीक जागेचा असतो, आणि तो खरंच सफाई मोजतो का, यावर अजून वाद आहे. झोपेत सफाई वाढते हेसुद्धा २०१३ मध्ये उंदरांत दिसलं, तर २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांतच उलट दिसलं. संशोधनात शंभर जणांची शंभर जणांशी तुलना करायला हे ठीक. एकट्या तुमच्याबद्दल त्यावरून काही ठरवता येणार नाही, मग पैसे कशाला घालायचे?

आई म्हणते, बर्डीवर स्कूटर कुठं लावली ते तुम्हाला आठवेना आणि वीजबिल दोनदा भरलंत. 'कायले लागते डॉक्टर?' असं म्हणाल, पण न्यूरोलॉजिस्टकडे जायचंच. ते आधी स्मरणशक्तीची चाचणी घेतील, बी-१२ आणि थायरॉइड बघतील. ही कमतरता असली तर त्यावर औषध आहे. गरज वाटली तर साधा एमआरआय सांगतील.

आई, बाबांचं घोरणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव. मधेच श्वास थांबतो का, हे डॉक्टर नक्की विचारतील, त्यानंही विसरायला होऊ शकतं. तेवढा वेळ कूलर बंद कर, नाहीतर त्याचीच घरघर ऐकावी लागेल. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठीही काढून ठेव. शनिवारची वेळ घे, मी शुक्रवारी रात्री पुण्याहून निघते.

तुमची,
मनू