सत्काराला युवा, सहीला काका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युवकांच्या सक्षमीकरणाचे आणि सामाजिक न्यायाच्या शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्था आपल्या नाशकात पुष्कळ आहेत. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत, पंचवटीतल्या फुलेनगरात, पेठ-सुरगाण्याहून शिकायला आलेल्या मुलामुलींच्या वसतिगृहांत त्यांची शिबिरे चालतात. संविधान, जात, बाईमाणसाचा हक्क यांवर एरवी तोंड न उघडणारी मुले बोलू लागतात. या कामाच्या बातम्या आपण छापता, ते चांगलेच आहे. पण या संस्था चालवते कोण, म्हणजे विश्वस्त मंडळावर कोण बसते आणि बसून करते काय, याबद्दल कुणी लिहीत नाही. मी सनदी लेखापालांच्या कार्यालयात ट्रस्टची कामे पाहण्यात सगळी नोकरी घालवली. हिशेब, ऑडिट रिपोर्ट, विश्वस्त बदलले की करायचे बदल अर्ज, धर्मादाय कार्यालयाच्या खेपा. त्यामुळे शिबिरे फारशी पाहिली नाहीत, प्रोसिडिंग बुके मात्र भरपूर पाहिली. तेवढ्या अधिकारावर चार शब्द लिहितो.

प्रोसिडिंग बुक ही मोठी बोलकी वस्तू असते. जाड पुठ्ठ्याची वही, पानावर सभेची तारीख, वेळ, स्थळ. विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा विषय: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधल्या प्रत्येक ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि तेच वाक्य, ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’. चर्चा काय झाली, कुणी काय विचारले, याची एक ओळ सापडेल तर शपथ. सह्या पाहाव्यात तर वर्षभराच्या सगळ्या सभांच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच शाईच्या. ऑडिटची तारीख जवळ आली की संस्थेचा शिपाई वही स्कूटरच्या डिकीत घालतो, गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर असा फेरा मारतो आणि संध्याकाळी गणपूर्ती घेऊन परत येतो. सगळीकडे असेच चालते असे मी म्हणणार नाही. नेटाने सभा घेणाऱ्या, एकेका व्हाउचरवर वाद घालणाऱ्या संस्थाही मी पाहिल्या आहेत. पण ज्यांनी ही कामे केली आहेत, ते हे वाचून गालातल्या गालात हसतील एवढे नक्की.

मंडळावरची नावे वाचा. निवृत्त प्राचार्य, एखादे डॉक्टर, एक वकील, देणगीच्या आशेने घेतलेले बांधकाम व्यावसायिक आणि संस्थापकांच्या सौभाग्यवती. माणसे भली असतात, त्यात शंका नाही. यांतल्या कित्येकांनी ऐन उमेदीची वर्षे पदरमोड करून संस्थेला दिली आहेत. पण ज्यांच्यासाठी संस्था काढली त्या वस्तीतले, त्या पाड्यावरचे, त्या वयाचे त्या यादीत कुणी नसते. व्याख्यान निर्णयप्रक्रियेतल्या सहभागावर आणि संस्थेतला निर्णय काकांच्या दिवाणखान्यात. किल्ल्यांचा जुडगा कमरेला तसाच ठेवून सुनेला ‘घर आता तुझेच’ म्हणणाऱ्या सासूसारखे हे आहे.

याचे एक कारण कागदातच आहे. संस्थेच्या शिबिरातून वर आलेला हुशार मुलगा किंवा मुलगी पुढे तिथेच समन्वयक म्हणून लागते, मानधनावर. आणि बहुतेक संस्थांच्या घटनांत असे कलम असते की संस्थेकडून मानधन घेणाऱ्याने मंडळावर असू नये. कलमाचा हेतू रास्त आहे. स्वतःचा पगार स्वतःच ठरवायचा नाही. पण परिणाम बघा. ज्याला पोटासाठी मानधन लागते तो जन्मभर कर्मचारी, आणि ज्याला लागत नाही तो जन्मभर विश्वस्त. कायद्याने विश्वस्त मालक नसतो. व्यवहारात काय असतो ते समन्वयकांना विचारा.

नाशिककरांना तरी हे खटकायला हवे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याआधी सत्याग्रह समितीने मंदिराच्या विश्वस्तांना दरवाजे उघडा म्हणून कळवले होते, ते समितीचे सचिव भाऊराव गायकवाड यांच्या मार्फत. हेच आपले दादासाहेब, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, जन्म ऑक्टोबर १९०२ चा. म्हणजे तेव्हा वय २७. खुद्द बाबासाहेबांनाही चाळिशी लागायची होती. आज नाशकातल्या एखाद्या संस्थेत सत्तावीस वर्षांच्या माणसाला सचिव करा असे सुचवून पाहा. ‘अजून लहान आहे, थोडा तयार होऊ द्या’ हे उत्तर ठरलेले. तो तयार व्हायचा कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासमंडळे हे तिचे काम. पुढच्याच वर्षी सोलापुरात तिने वसतिगृह सुरू केले. आजच्या भाषेत युवकांच्या शिक्षणाचीच संस्था. तिची रचना मला हिशेबनीस म्हणून फार आवडते. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड, उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर अशी वजनदार नावे. पण व्यवस्थापक मंडळ निराळे. त्याचे अध्यक्ष बाबासाहेब, चिटणीस सीताराम शिवतरकर, खजिनदार निवृत्ती जाधव. नाव, वजन, ओळख, देणगी ज्यांच्याकडे, त्यांना मानाची जागा. वही, पैसा आणि रोजचा निर्णय ज्यांचा प्रश्न त्यांच्या हाती. शंभर वर्षांपूर्वी हे जमले. आपल्याकडे नेमके उलटे: मुलांना स्वागत समितीत घेतात, फुलांच्या खर्चापुरते स्वातंत्र्य देतात, आणि चेकवरच्या दोन्ही सह्या साठीपुढच्या.

वयाची वरची मर्यादा घालण्याचाही दाखला आहे. जयप्रकाशजींच्या प्रेरणेने १९७५ साली निघालेल्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीत तिशी ओलांडलेल्याला जागा नव्हती. इतके कडक असावे असे मी म्हणत नाही. तिशीनंतर सगळ्यांनाच घालवले तर ऑडिटची जुनी फाइल कुठल्या कपाटात आहे, हे सांगायलाही कुणी उरायचे नाही. पण मुदत हवी. आपल्या मविप्रची, म्हणजे मराठा विद्या प्रसारक संस्थेची, निवडणूक लागली की जिल्हा ढवळून निघतो, सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या, निवडणुकीतही पॅनेल पडतात. त्या रणधुमाळीला कुणी नावे ठेवो, निदान पाच वर्षांनी सभासदांपुढे हात जोडून जावे तरी लागते. समतेचे शिक्षण देणाऱ्या छोट्या संस्थांत मात्र तेच अध्यक्ष दर खेपेला ‘बिनविरोध फेरनिवड’ होऊन परत येतात.

नुसते एक तरुण नाव मंडळावर घालून भागत नाही, हेही सांगायला हवे. असा प्रयोग माझ्या पाहण्यातला आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही. सुरगाण्याकडची एक मुलगी, संस्थेच्याच वसतिगृहात राहून पदवीधर झालेली, मंडळावर घेतली. सभा मंगळवारी सकाळी अकराला. ती अंबडच्या कंपनीत कामाला. सभेला यायचे तर दिवसाचा पगार बुडणार. ताळेबंद इंग्रजीत, तोही सभेत बसल्यावर हातात. पहिल्या वर्षी ती बोललीच नाही आणि मंडळी म्हणाली, ‘बघा, घेतले तर गप्प बसते.’ पुढे खजिनदारबाईंनी दोन साध्या गोष्टी केल्या. सभा रविवारी दुपारी घेतली आणि हिशेबाचे कागद मराठीत करून आठ दिवस आधी तिच्या हाती दिले. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च सगळ्यांनाच, म्हणजे दान मागितल्यासारखे वाटायला नको. त्या सभेला मी हिशेब समजावायला हजर होतो. तिने उत्पन्न-खर्च पत्रकाच्या खर्चाच्या बाजूवर बोट ठेवून विचारले, ‘प्रवासखर्च इतका झाला, मग मुलांची शिष्यवृत्ती तीन महिने का थांबली होती?’ खोलीत शांतता. अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग व्हाउचरची फाइल आली, आणि एका परिषदेला गेलेल्या दोघांचा विमानप्रवास शिष्यवृत्तीच्या खात्यातून तात्पुरता भागवल्याचे निघाले. चोरी नव्हती, पैसे नंतर वळतेही झाले होते. पण तो प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता, मीही नाही, कारण जमाखर्च जुळत होता. तिला तो सुचला, कारण शिष्यवृत्ती थांबली की मेसच्या बाईंपुढे काय बोलावे लागते ते तिला ठाऊक होते.

मंडळाने करायची कामे खरे तर हीच. संस्थेत दहा किंवा जास्त माणसे काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. किती मंडळांनी ‘ती समिती शेवटची कधी बसली’ असे विचारले आहे? मोठ्या कंपन्या कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी काढून ठेवतात आणि आपल्याकडे सातपूर-अंबडमुळे त्या पैशाची आशा सगळ्यांनाच असते. कंपनीचे अधिकारी म्हणतात, जातीबितीचे राहू द्या, संगणक शिकवा, आकडा दाखवा. संगणक शिकवणे वाईट नाही. पण संस्थेचे मूळ काम किती वाकवायचे आणि कुठे नको म्हणायचे, हे पगारी समन्वयकाने ठरवायचे नसते. त्याच्या पाठीशी उभे राहून ‘नको’ म्हणायला मंडळ असते. तिथे वकील हवेत, सनदी लेखापाल हवेत, चार पावसाळे जास्त पाहिलेले मास्तरही हवेत. काकांना घालवा असे मला म्हणायचेच नाही. अर्ध्या खुर्च्या सोडा, एवढेच.

‘जबाबदारी कोण घेणार’ हा आक्षेप नेहमीचा. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झाली की माणूस सज्ञान. मत देतो, करार करतो, कर्ज काढतो. मंडळावर नेमताना त्याची लेखी संमती घ्यायची आणि काय काय अंगावर येऊ शकते ते आधी सांगायचे. गैरकारभार झाला तर विश्वस्ताला काढण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे, हेही सांगायचे. घाबरून कुणी नको म्हणाला तर ते शहाणपणच समजावे. गंमत अशी, की हे ऐकवल्यावर घाबरलेले मला जास्त करून वडीलधारेच भेटले. आपण नुसते नावाला आहोत, अशी त्यांची समजूत होती.

आणि फार मोठे कागदी कामही नाही. संस्था नोंदणीला सातच माणसे लागतात, पण घटनेत बहुधा ‘किमान सात, कमाल इतके’ असे असते आणि वरच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात. सभेत ठराव करायचा, संमतीपत्रे जोडायची, नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा. मग बँकेत सहीचा बदल, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नावे अद्ययावत. वेळ जातो तो धर्मादायच्या तारखांत, त्याला इलाज नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत ऑडिट व्हायचे म्हणून हिशेबाची सभा प्रत्येक संस्था घेणारच आहे. तिच्या विषयपत्रिकेवर ‘मंडळावरील रिक्त जागा भरणे’ हा एक विषय घालावा. अर्ज भरायला मदत लागली तर आमच्यासारखी रिकामी माणसे नाशिकरोडला पुष्कळ आहेत. फी नाही, चहा मात्र लागतो.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, नाशिकरोड