खोदलेला रस्ता फुकट, थांबलेले यंत्र महाग

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबईतील रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या वाचकपत्रांत धूळ, अर्धवट कामे आणि उलटून गेलेल्या मुदती यांबद्दलची नाराजी असते व ती रास्तच आहे. परंतु एक गल्ली पूर्ण होण्याआधीच शेजारच्या तीन गल्ल्या खोदून का ठेवल्या जातात, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. लहानमोठ्या कंत्राटदारांकडे यंत्रांच्या लॉगबुकांची आणि मजुरांच्या हजेरीपटांची देखरेख करण्यात माझी तीस वर्षे गेली असल्याने या प्रश्नाचे उत्तर मला त्या वह्यांतच दिसते.

रस्त्यावर दिसणारे पोकलेन, म्हणजे खोदाईचे मोठे यंत्र, बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या मालकीचे नसते. ते भाड्याने येते आणि ठरलेले किमान तास यंत्र चालो अथवा न चालो, भाडे, ऑपरेटरचा पगार आणि त्याचा भत्ता चुकत नाही. शिवाय पोकलेन साखळीपट्ट्यांवर चालत असल्यामुळे जेसीबीसारखे आपल्या चाकांनी दुसऱ्या कामावर जाऊ शकत नाही. त्यासाठी ट्रेलर मागवावा लागतो आणि तोही बहुधा रात्रीच. असे यंत्र एकदा विभागात आले की ते थांबू न देता मिळतील तेवढ्या गल्ल्या खोदून घेणे, हे कंत्राटदाराच्या दृष्टीने शहाणपणाचेच ठरते. त्यात कामाचे देयक बाबनिहाय मोजले जात असेल, तर खोदाईचे घनमीटर मोजमाप पुस्तिकेत लगेच चढतात आणि पहिले चालू देयक, म्हणजे काम सुरू असतानाचे बिल, निघते. खोदून पडलेल्या रस्त्याचे भाडे मात्र त्याला कोणी लावत नाही. ते दुकानदार भरतो, शाळेची बस भरते आणि रुग्णवाहिकेची वाट पाहणारे घर भरते.

आमच्या विलेपार्ले पूर्वेतील गल्लीत हेच घडले. दिवाळीनंतर खोदाई झाली आणि राडारोडा दोन दिवसांत उचलला गेला, तेव्हा रहिवाशांनी कंत्राटदाराचे कौतुकही केले. त्यानंतर जवळजवळ तीन महिने तेथे एकही यंत्र फिरकले नाही. पुढे ज्या रात्री काँक्रीट ओतायला घेतले, त्या रात्री काँक्रीट आणणारा एक मिक्सर ट्रक गेल्यावर दुसरा येईपर्यंत कधी पाऊण तास, तर कधी सव्वा तास जात होता. उशिरा आलेल्या एका मिक्सरमध्ये नळीने पाणी सोडताना मी स्वतः पाहिले. असे जादा पाणी पडले की काँक्रीट सहज पसरते खरे, पण त्याची ताकद घटते, हे तेथील मुकादमालाही ठाऊक होते.

यातले गणित अवघड नाही. सहा मीटर रुंद, शंभर मीटर लांब रस्त्यावर २५ सेंटिमीटर जाडीचा थर टाकायचा, तर १५० घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे सहा घनमीटरचे २५ मिक्सर. दर वीस मिनिटांनी एक मिक्सर हवा असेल आणि काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटवर भरण्यापासून रिकामा होऊन परत पोहोचेपर्यंतची फेरी तीन तासांची असेल, तर त्या एका कामासाठी नऊ मिक्सर बांधून ठेवावे लागतात. नऊऐवजी चार आले की ओतकाम तुटते, मध्येच नको तेथे जोड पडतो आणि मिक्सर भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट उतरवण्याची भारतीय मानकातली सर्वसाधारण मर्यादा वाहतूक कोंडीतच संपते.

मिक्सर निदान डोळ्यांत भरतात. काँक्रीटला काप देणाऱ्या कटरकडे कोणाचेच लक्ष जात नाही. काँक्रीट सुकताना आकसते, म्हणून साधारण साडेचार मीटर अंतरावर, थर पुरेसा कठीण होताच काही तासांत आडवे काप घ्यावे लागतात. ही वेळ चुकली की काँक्रीट आपली रेघ आपणच मारते, आणि ती काही सरळ नसते. पोकलेनच्या तुलनेत कटर किरकोळ किमतीचा, पण तो तीन साइटवर मिळून एक असतो. सकाळी सातला हवा असलेला कटर दुपारी तीनला पोहोचला, की पुढे वर्षानुवर्षे त्या भेगेवरून वाद चालतो.

पाणी मारण्याची कथा याहून निराळी नाही. किमान १४ दिवस थर ओला राहायला हवा, त्यासाठी थरावर पाणी साठवायला वाफे करावेत किंवा गोणपाट अंथरावे, हे सर्वांना माहीत आहे. मात्र पेटी कंत्राटावर, म्हणजे मुख्य कंत्राटदाराने पुढे दिलेल्या पोटकंत्राटावर, आलेल्या टोळीचा दर ओतलेल्या चौरस मीटरवर ठरलेला असतो आणि त्यात पुढच्या चौदा दिवसांचा माणूस धरलेला नसतो. काम पुढच्या गल्लीत गेले की टोळीही जाते, आणि मागे राहतो तो बहुधा रखवालदार. होळी, दिवाळी आणि छठपूजा हे तिन्ही सण कामाच्या हंगामातच येतात; मजूर गावी जाणार हे ठाऊक असूनही त्याच आठवड्यात ओतकाम लावलेले मी अनेकदा पाहिले आहे. मजुरी थकली तर टोळी सणाचीही वाट पाहत नाही. कंत्राटदाराने थकवलेली मजुरी अखेर काम देणाऱ्या मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मान्य आहे, तेव्हा हजेरीपट हा केवळ कंत्राटदाराचा खासगी कागद आहे असे म्हणता येणार नाही.

महापालिकेने आयआयटी मुंबईकडे त्रयस्थ गुणवत्ता तपासणी सोपवली आहे आणि दोषदायित्व कालावधीही, म्हणजे दोष कंत्राटदारानेच दुरुस्त करून देण्याची मुदतही, ठेवला आहे. या दोन्हींचे मी स्वागत करतो. परंतु तपासणी काँक्रीटची होते आणि दंड भेग पडल्यावर होतो. भेग पडण्याआधीची रात्र कोणत्याच कागदावर येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, गल्लीनिहाय खोदाईची परवानगी देण्यापूर्वी त्या गल्लीसाठी किती मिक्सर, कोणत्या प्लांटवरून, किती कटर आणि पाणी मारायला किती माणसे राखून ठेवली आहेत, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्यावे. खोदाईचे देयक तळाचा थर पूर्ण झाल्यावरच द्यावे आणि क्युरिंग, म्हणजे पाणी मारणे, ही दिवसावर मोजली जाणारी स्वतंत्र बाब करावी. याने खर्च थोडा वाढेल, आणि निविदेत तो उघड दाखवलेला बरा. प्रत्येक मिक्सर निघाल्याची, पोहोचल्याची आणि रिकामा झाल्याची वेळ त्याच्यासोबतच्या डिलिव्हरी चलनावर असतेच. ती चलने दुसऱ्या दिवशी कामाच्या फलकावर डकवली तरी पुरे. १ ऑक्टोबरला नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी निविदेच्या अटींत एवढी दुरुस्ती करता येण्यासारखी आहे. आमच्या गल्लीतला उरलेला अर्धा रस्ता या नव्या हंगामातच व्हायचा आहे. त्या रात्रीची चलने वाचायला मी खाली उतरेन.

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक निवृत्त साइट पर्यवेक्षक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई