दादा, तुम्ही बसवलेलं कार्ड परत काढलंत, त्याबद्दल

दादा,

नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही निघताना दारातच बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

चार दिवस माझा कॉम्प्युटर बंद पडून होता. नवं ग्राफिक्स कार्ड मी स्वतः बसवलं, बटण दाबलं, पंखा जेमतेम अर्धा वेढा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. व्हिडिओ एडिटिंगवर माझं पोट आहे. अर्धवट काम त्याच मशीनमध्ये अडकलेलं आणि दिलेली तारीख तोंडावर आलेली. त्या चार रात्री मी नीट झोपले नाही.

तुमच्याआधी दोघं झाले. पहिल्याने कॅबिनेटची बाजूसुद्धा उघडली नाही. "मदरबोर्ड गेला," म्हणाला, आणि मग माझ्याच टेबलाशी उभं राहून मला विचारलं, "घरात दुसरं कोणी नाही का, ज्यांच्याशी बोलता येईल?" दुसऱ्याने फोनवरच निकाल देऊन टाकला: कळत नाही तर हात घालायचा कशाला? त्यांचं निदान चुकलं याचा मला राग नाही. चूक कोणाचीही होते. न बघता बोलले, याचा आहे. आणि त्यांचं ऐकून मी स्वतःला दोष देत बसले, याचाही.

तुम्ही आलात आणि आधी खुर्ची ओढून बसलात. "काय काय केलंत ते पहिल्यापासून सांगा." माझं सांगून होईपर्यंत तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. मग कार्ड काढलंत, त्याच्या केबल सोडवल्यात, मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला लावलीत आणि बटण दाबलंत. मशीन चालू! 'गेलेला' मदरबोर्ड पाच मिनिटांत धडधाकट निघाला.

दोष मी कार्डला लावलेल्या एका केबलचा होता. स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं तिथून, कार्डला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, 8 पिनांच्या एकेका जोडणीतून 150. माझ्या कार्डला अशा दोन जोडण्या हव्या होत्या. एक केबल मशीनमध्ये होती, दुसरी मी जुन्या, वेगळ्या कंपनीच्या पॉवर सप्लायची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची, काढून लावली. दोन्ही टोकं चपखल बसली. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनेत काय येईल हे ज्याचं त्याचं वेगळं, हे मला कुठून ठाऊक असणार? 12 व्होल्ट भलत्याच तारेत गेले, शॉर्ट झालं आणि सप्लायने स्वतःला बंद करून घेतलं. तो अर्धा वेढा म्हणजे मशीन स्वतःला वाचवत होतं. "बसली म्हणजे चालेल, असंच कोणालाही वाटेल," एवढंच तुम्ही म्हणालात. कधी कधी यात कार्ड जळतंही, हे सांगितलंत, पण अगदी शेवटी, माझा जीव भांड्यात पडल्यावर.

सप्लायसोबत आलेली केबलांची पिशवी कपाटाच्या तळाशी सापडली. तिच्यातली केबल लावून तुम्ही कार्ड बसवलंत, स्क्रीन उजळली. काम झालं होतं. दुसरं कोणी असतं तर तिथेच उठलं असतं.

तुम्ही मशीन बंद केलंत, मागचा स्विच बंद केलात, नुकतंच बसवलेलं कार्ड पुन्हा काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. "आता तुम्ही."

माझे हात थरथरत होते. तुम्ही दोन पावलं मागे सरकलात आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. मी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, कार्ड स्लॉटवर टेकवलं, दोन्ही टोकांवर सारखा जोर दिला. स्लॉटच्या टोकाची ती इवलीशी कडी 'खट्' करून बसली. तुम्ही नुसती मान हलवलीत. बटणही मलाच दाबायला लावलंत.

दादा, दुरुस्ती करणारे पुष्कळ असतात. समोरच्याचा गेलेला धीर परत त्याच्या हातात ठेवणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. त्यांना ज्ञानाचा रुबाब नसतो, घाई नसते, आणि समोरच्याला लहान केल्याशिवायही त्यांचं मोठेपण दिसतं. अशा माणसांमुळे विचारायची भीती जाते. माझी गेली.

ती चुकीची केबल तुम्ही फेकली नाहीत. तिला कागदी चिकटपट्टी गुंडाळून 'जुन्या सप्लायची' असं पेनाने लिहून ठेवलंत. ती तशीच ड्रॉवरमध्ये आहे. काम वेळेत गेलं. हे पत्र त्याच मशीनवर लिहितेय, मागे पुढच्या कामाचा रेंडर चालू आहे आणि पंखे न थांबता फिरताहेत.

तुमची मनापासून ऋणी,
त्या 'खट्' आवाजाची धनीण