सायकेडेलिक द्रव्ये आणि श्वास

संपादक महोदय,

एलएसडी किंवा सिलोसायबिन (काही अळंब्यांत सापडणारे) अशी भास घडवणारी सायकेडेलिक द्रव्ये घेतल्याने श्वास बंद पडतो, हा समज सरसकट बरोबर नाही. ही द्रव्ये मुख्यतः मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ५-एचटी२ए ग्राहींवर (रसायनाचा संदेश टिपणाऱ्या पेशींवरील जागांवर) काम करतात. अफूजन्य औषधांप्रमाणे ती मेंदूतले श्वसनकेंद्र मंद करत नाहीत. उलट, घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठ-बोटांना मुंग्या येतात.

खरी भीती भेसळीची आणि मिश्रणाची. एलएसडी म्हणून खपवलेल्या २५आय-एनबोम या कृत्रिम द्रव्याने माणसे दगावली आहेत. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर ग्लानीत उलटी फुप्फुसात उतरते. डीएमटी या ओढल्या जाणाऱ्या सायकेडेलिक द्रव्याच्या गरम वाफेने श्वासनलिकांचा दाह होतो, हे दमेकऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. उंदरांमध्ये डीओआय या सायकेडेलिक द्रव्याने दम्याची सूज रोखल्याचे प्रयोग झाले आहेत, पण तेवढ्यावरून इनहेलर सोडणे जिवावर बेतेल.

बेशुद्ध व्यक्तीचा श्वास चालू असेल तर तिला कुशीवर वळवा; उलटी मुद्दाम काढू नका. प्रौढांचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. तो १० च्या खाली गेला किंवा ओठ निळसर दिसले, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा आणि काय घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगा. नॅलॉक्सोन अफूजन्य औषधांचाच परिणाम उतरवते, पण भेसळीची शंका असल्यास तेही द्यावे.