मल्टीचे तास नीट तपासा, मोहोळसाहेब

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, यांस

स.न.वि.वि.

बारामती, शिरपूर, गोंदियात वैमानिक व्हायला आलेल्या मुलांचे बहुतेक तास एका इंजिनाच्या विमानावर जातात. व्यावसायिक परवान्याच्या 200 तासांत ‘मल्टी’चे, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचे, थोडेच, आणि तेच सर्वांत महाग. पालकांना वाटते, दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षा. टेकऑफनंतर लगेच एक गेले, तर तसे नसते. ताकद निम्मी होते, पण चढण्याची क्षमता 80 टक्के किंवा त्याहून जास्त घटते. वाऱ्याने नुसताच फिरणारा प्रोपेलर विमानाला मागे ओढतो. वेग वेगमापकावरच्या लाल रेषेखाली उतरला की रडर (शेपटीवरचे सुकाणू) पुरत नाही आणि विमान बंद इंजिनाच्या बाजूला कलंडते. विदर्भातल्या मे महिन्याच्या तापलेल्या, विरळ हवेत छोटे मल्टी एका इंजिनावर चढेलच असे नाही.

विमान सरळ ठेवताना रडरच्या पेडलवर ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचे इंजिन गेले, हे मुलांना पाठ असते. मग त्या इंजिनाचा थ्रॉटल (ताकदीचा दांडा) मागे घेऊन खात्री करायची, आणि नंतरच फेदर, म्हणजे प्रोपेलरची पाती वाऱ्याच्या दिशेत वळवून ओढ कमी करायची. घाईत खात्रीच गळते. 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर या दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाच्या उजव्या इंजिनाची ताकद गेली; वैमानिकाने चालणारे डावे बंद केले. 43 माणसे गेली. तो काही शिकाऊ नव्हता.

म्हणून सराव हवाच, पण जमिनीलगत खरे इंजिन बंद करून नव्हे. सरावासाठी 3,000 फुटांखाली प्रोपेलर फेदर करू नये, असे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिचे हँडबुक सांगते. टेकऑफचा बिघाड सिम्युलेटरवरच पुन्हापुन्हा घोटावा. आपण कोल्हापूरच्या तालमीत घडलात. नवख्याला पडायचे कसे ते वस्ताद आधी भुसभुशीत मातीतच शिकवतो. सिम्युलेटर ही तास भरून काढायची खोली नव्हे. (काही ठिकाणी तिचा एसी तेवढा उत्तम चालतो!)

2025 पासून आपली नियामक संस्था डीजीसीए प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देते. त्यात एवढे तपासा: प्रत्येक विद्यार्थ्याने टेकऑफनंतरचा बिघाड सिम्युलेटरवर किती वेळा हाताळला, चालणारे इंजिनच गेले असे किती वेळा समजला, आणि शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने स्वतः तो सराव शेवटचा कधी केला. संस्थेच्या रजिस्टरवर विसंबू नका, निरीक्षकाला समोर बसवा. पुढच्या उन्हाळ्याआधी असे आदेश निघावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, पुणे