सर्वधर्म मेळावा मंचाआधीच घडतो

महोदय,

फेब्रुवारीचा पहिला आठवडा 'जागतिक आंतरधर्मीय सलोखा सप्ताह' म्हणून पाळण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांनी २० ऑक्टोबर २०१० रोजी केला. २१ मे हा दिवस सांस्कृतिक वैविध्याचा. या निमित्तांनी ठिकठिकाणी मेळावे होतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र बहुतेकांचा साचा एकच असतो: लांबलचक मंच, प्रत्येक धर्माचा एक प्रतिनिधी, प्रत्येकाचे भाषण आणि शेवटी सामूहिक छायाचित्र. समोरची माणसे ज्यांच्याबरोबर आली त्यांच्याशेजारीच बसतात आणि त्यांच्याबरोबरच घरी जातात. मेळावा खरा घडतो तो तयारीच्या बैठकांत, आणि चुकाही तिथेच होतात.

पहिली चूक निमंत्रणाची. एक गट तारीख, जागा, कार्यक्रमपत्रिका सगळे ठरवतो आणि मग इतरांना 'आपणही या' म्हणतो. यजमान एकच राहतो, बाकीचे पाहुणे. शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेतले विवेकानंदांचे भाषण आपल्याला ठाऊक असते. पण त्याच परिषदेत इस्लामची बाजू प्रामुख्याने मांडली ती अलेक्झांडर रसेल वेब या इस्लाम स्वीकारलेल्या अमेरिकन गृहस्थांनी, आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना तर बोलावणेच नव्हते. म्हणून किमान तीन महिने आधी नियोजन समिती बसावी आणि तीत प्रत्येक समाजातून दोघे तरी असावेत. एकाच माणसावर अख्ख्या धर्माचे ओझे टाकणे अन्यायाचे आहे. दोघे असले की एका धर्माच्या आतले वेगळेपणही बोलले जाते. धर्म न मानणाऱ्यांनाही या समितीत जागा हवी.

तारीख ठरवताना सगळ्यांची पंचांगे आणि दिनदर्शिका एकत्र मांडाव्यात. शुक्रवारची दुपार नमाजाची, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ज्यूंचा शब्बाथ, रविवारची सकाळ चर्चची. एवढ्या तीन वेळा सोडल्या तरी निम्म्या अडचणी सुटतात.

आता कलेविषयी. 'तुमचे एक गाणे, आमचे एक गाणे' अशी रांग लावली की प्रत्येक गट आपले सादर करून निघून जातो. एक तरी रचना सर्वांनी मिळून बसवावी. तिचे शब्द कुणाला दुसऱ्याच्या दैवताची स्तुती करायला लावणारे नसावेत. पाऊस, श्रम, प्रवास असे विषय सोपे पडतात. खरी अडचण पट्टीची, म्हणजे आधारस्वर 'सा' किती उंच धरायचा याची, असते. पुरुषांचा सा साधारण काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या. सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावले की कुणाचा वरचा स्वर फाटतो, कुणाचा खालचा ऐकूच येत नाही. काळी एकचा पंचम (तिला सा धरल्यावर येणारा 'प') म्हणजेच काळी चार. पुरुषांनी मुखडा काळी एकमध्ये गावा, स्त्रियांनी अंतरा काळी चारला सा धरून. हे दोन्ही स्वर तंबोऱ्यात वाजतच असतात, त्यामुळे तो पुन्हा लावावा लागत नाही. नोटेशन वाचून गाणारे आणि ऐकून शिकणारे एकत्र असतील, तर ध्वनिमुद्रण आणि अर्थासह शब्द तीन आठवडे आधी द्यावेत. दीड-दीड तासाच्या चार तालमी तरी हव्यात; त्यांतली पहिली फक्त एकमेकांचे ऐकण्यासाठी. ध्वनिचाचणी सर्वांत हळू आवाजाच्या गटापासून सुरू करावी. लहान सभागृहात ढोलाला माइक देऊ नये, नाहीतर समूहगान बुडते. हे अगदी नेहमी होते.

प्रार्थना सर्वांनी एकत्र म्हणण्याचा आग्रह नको. ज्याची त्याने म्हणावी, इतरांनी शांतपणे ऐकावी. पठणानंतर टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे निवेदकाने आधीच सांगावे. टाळ्या पडून गेल्यावर केलेली सूचना श्रोत्यांना ओशाळवाणे करते. पवित्र वचने जमिनीवरच्या नक्षीत, आसनांवर किंवा वाटायच्या पत्रकांवर छापू नयेत, कारण ती पायदळी येतात. खाद्यपदार्थांसमोर घटकांची चिठ्ठी आणि प्रत्येक भांड्याला स्वतंत्र डाव, एवढे पुरे.

भाषणांना एकूण अर्धा तास द्यावा, वाचलेला वेळ संवादाला. सहा ते आठ जणांचे गोल करावेत आणि ओळखीची माणसे मुद्दाम वेगवेगळ्या गोलांत बसवावीत. प्रत्येक गोलात एक तयार सूत्रधार असावा. 'तुमचा धर्म काय सांगतो?' असे विचारले की पाठ केलेले उत्तर मिळते. 'तुमच्या घरी मुलाचे नाव कसे ठेवतात?' असे विचारले की माणसे मोकळेपणी बोलू लागतात. चाळीस मिनिटे तरी हवीत. पहिली दहा संकोचातच जातात.

शेवटी समित्यांना एक विनंती. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. २०२८ मध्ये सलोखा सप्ताह रमजानातच येणार आहे. दिवसा जेवण ठेवले तर त्या वर्षी मुस्लिम सहकारी नुसते बसून राहतील. कार्यक्रम सूर्यास्तानंतर ठेवून रोजा एकत्र सोडायचा, की मेळावा जानेवारीच्या मध्यात घ्यायचा, हे त्यांनाच विचारून ठरवावे आणि सभागृह त्यानंतरच आरक्षित करावे.

— आंतरधर्मीय मेळाव्यांचे काही संयोजक